शिल्लक पाच टक्के

शिरसईच्या घाण्यावर शाणू म्हणतो,
साबणाला कशाला चांगलं तेल, बाई,
खवट निघालेलं आहे, अर्ध्या पैशांत नेा म्हणतो तर नेा.
मी पत्र्याच्या डब्यावर वाकून वास घेते.
खवट तेलाचा साबण महिन्याभरात
अंगावर नारिंगी ठिपके काढतो
हे मी त्याला सांगत बसत नाही.
आजचंच दे म्हणते,
आणि खोबरं उन्हात वाळलेलं, गंधकाची धुरी दिलेलं नको.

घरी वही.
डाव्या पानावर तेलं, उजव्या पानावर
कोण किती कॉस्टिक पचवतं.
खोबरेल सगळ्यांत खादाड.
एरंडेलाची भूक बेताची.
करंजेल थोडंच, नाहीतर न्हाणीघर
आठवडाभर कडू वासाचं.

हे सगळं रोहिदाससाठी.
खाण चालू होती तेव्हा तो ट्रक चालवायचा.
ट्रक विकला, लाल धूळ नखांच्या कडेला राहिली
आणि पोटऱ्यांना खाज.
दुकानातला साबण लावला की सालं निघायची.
माझ्या पहिल्या साबणानं तर जास्तच:
नुसत्या खोबरेलाचा, फेस ढीगभर,
आणि मागे एप्रिलातल्या मिठागरासारखी कातडी.
चांगला झालाय, म्हणाला तो, खाजवत खाजवत.

मग म्हापशाचा शुक्रवार.
सत्तरीची एक बाई केळीच्या पानात
भिरंडेलाचे गोळे मांडून बसलेली,
अंड्याच्या आकाराचे, तिच्या मुठीचे वळ असलेले.
किती हवेत? आठ, म्हटलं.
तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.
आठ? कुणाच्या टाचा एवढ्या फुटल्यात?
साबणात घालते म्हटल्यावर
तिनं दोन गोळे परत ओढून घेतले
आणि सहाच दिले.

सहांनी वडी कडक होईना.
तेव्हा पियेदाद आली, हळदोण्याहून, दोन बस बदलून.
सरकारी दवाखान्यात वीस वर्षं
आम्ही एका टेबलावर गोळ्या मोजल्या,
माझा आकडा चुकला की तिचा बरोबर असायचा.
पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला.
घे गो, दोन फावटीं वितळायलां, वास ना.
नाताळच्या डुकराची चरबी,
पांढरी, शाईच्या डागाइतकाही काळा कण नसलेली.

डबा तीन दिवस धुण्याच्या दगडावर होता.
उंबऱ्याच्या आत नाही, फेकलाही नाही.
मांजर येऊन झाकणाशी बसायचं
आणि मी खिडकीतून हाकलायचे,
म्हणजे राखायचेच की.

चौथ्या दिवशी मी रोहिदासला सांगितलं.
लपवून अंगाला लावायची गोष्ट नव्हे.
तो तुळशीला पाणी घालत होता, घालून झालं,
तांब्या पालथा ठेवला.
म्हणाला, कॉस्टिकात पडल्यावर
ती चरबी राहते का चरबी?
नाही. साबण होतो.
सगळी?
पंचाण्णव टक्के. पाच मी मुद्दाम सोडते,
तेवढ्यानं कातडी मऊ राहते.
मग ते पाच कुणाचे?

मी वही उघडली.
नारळाचे, भिरंडीचे, करंजाचे, की त्याचे,
उजव्या पानावर तसा आकडा नव्हता.
वीस वर्षं मोजलेली माणूस मी,
सांगता येत नाही म्हणाले.

तो बराच वेळ तांब्याकडे बघत राहिला.
मग परसात जाऊन
चुलीसाठी तीन दगड मांडून दिले,
जुनं पातेलंही त्यानंच शोधलं, कान तुटलेलं.

चाळीस दिवस वड्या माळ्यावर सुकल्या.
एकीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा,
रोज दाबून बघायचा, झाली का, झाली का.
पहिली त्यानं विहिरीवर नेली.
परत आला, ओल्या पायांनी पायरीवर बसला,
पोटरीकडे हात गेला नाही.
फेस कमी आहे, म्हणाला.
आणि थोड्या वेळानं,
पियेदादचा डबा कधी देणार आहेस?
रिकामा देऊ नकोस.
भिरंडेलाचा एक गोळा उरलाय ना,
दोन बस बदलून येते ती.